दुसऱ्याच्या सामानात आपलं बिऱ्हाड

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ३२ वर्षांच्या आहेत. कंपनीने त्यांना दोन वर्षांच्या कामासाठी एका मोठ्या शहरात पाठवलंय. काम वर्षभरात आटोपेल किंवा तीन वर्षंही चालेल, नक्की कोणीच सांगत नाही. ऑफिसपासून पायी वीस मिनिटांवर त्यांना एक फर्निश्ड फ्लॅट मिळतोय. पलंग, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, पडदे, भांडीकुंडी, सगळं आहे. त्याच इमारतीत एक रिकामा फ्लॅटही आहे. त्याच्यापेक्षा याचं भाडं साधारण ३० टक्क्यांनी जास्त. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याएवढं. करारात सामानाबद्दल एकच ओळ आहे, ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’. हॉलमध्ये मालकांचं मोठं काचेचं कपाट आहे, त्याला कुलूप. बेडरूममधल्या एका कपाटालाही कुलूप. एजंट म्हणतो, आज टोकन द्या, उद्या घर राहणार नाही. मोठा भाऊ म्हणतो, दुसऱ्याच्या खाटेचं भाडं भरण्यापेक्षा स्वतःचं सामान घे. त्या लिहितात, ‘माझ्या मैत्रिणींची घरं भरलेली आहेत. माझ्याकडे दोन बॅगा आणि साडेतीन फुटांचं एक लिहायचं टेबल. मी सोयीच्या नावाखाली आळसाला पैसे मोजतेय का? आणि काही मोडलं-फुटलं तर डिपॉझिट जाईल, या धाकात दोन वर्षं कशी काढू?’

तुमच्या भावाचं वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्याच्या खाटेचं भाडं. ऐकताक्षणी पटतं, आणि तुमची काळजी आहे म्हणूनच ते बोलले. पण त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे विकत घेतलेली खाट फुकटात वापरायला मिळते. तशी ती मिळत नाही. नवं सामान दुकानातून निघालं की त्याची किंमत उतरायला लागते. ते घरात चढवायला पैसे लागतात, उतरवायला लागतात. आणि शहर सोडताना घाईत विकायची वेळ आली, तर घेणारा तुमची घाई ओळखूनच भाव सांगतो.

म्हणून आधी हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेते. रिकाम्या घराचं महिन्याचं भाडं १०० धरा, फर्निश्डचं १३०. म्हणजे सामानापोटी महिन्याला ३० जास्त. पलंग-गादी, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, टेबल-खुर्च्या आणि सोफा, साधंच पण नवं घ्यायचं तर आठ महिन्यांचं भाडं, म्हणजे ८०० लागतील असं समजू. एका वर्षाने विकलं तर निम्मे परत येतील. दोन वर्षांनी विकलं तर जेमतेम एक तृतीयांश. ने-आण आणि जोडणीचे ६० धरा. एका वर्षात घर सोडलंत, तर फर्निश्डमध्ये जादा गेले ३६० आणि स्वतःच्या सामानात ४६०. दोन वर्षं राहिलात, तर फर्निश्डमध्ये ७२० आणि स्वतःच्या सामानात सहाशेच्या आसपास. काटा दीडेक वर्षावर मध्ये येतो. तीन वर्षं नक्की राहणार असाल तर तुमचे भाऊ शंभर टक्के बरोबर आहेत.

तुमच्या शहरातले भाव घालून हाच हिशेब कागदावर मांडा. फरक, खरेदी, परत येणारी रक्कम आणि ने-आण, एवढे चारच आकडे हवेत. एसी स्वतःचा घेणार असाल तर तो काढायचा आणि पुन्हा बसवायचा खर्च वेगळा लिहा. तो लोक हमखास विसरतात. आणखी एक गोष्ट या हिशेबात दिसत नाही. खरेदीचे पैसे पहिल्याच महिन्यात एकदम जातात, फरकाचे थोडेथोडे जातात. नव्या शहरात पहिल्याच महिन्यात डिपॉझिट, एजंटची फी आणि सामान असा तिहेरी भार उचलणं प्रत्येकाला झेपत नाही.

आता तुमच्या पत्रातली खरी अडचण बघा. तुमचं काम एक वर्ष चालेल की तीन, हेच ठाऊक नाही. मग ते ३० तुम्ही खाटेसाठी भरत नाही आहात. बोलावणं आलं की दोन बॅगा उचलून निघता यावं, यासाठी भरताय. त्याला आळस म्हणू नका. पण मग एक प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेलाच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. करारात लॉक-इन, म्हणजे घर सोडताच येणार नाही अशी मुदत, किती महिन्यांचं आहे? मालकांनी दोन वर्षांचं लॉक-इन घातलं असेल, तर ज्या मोकळिकीचे पैसे तुम्ही महिन्याच्या महिन्याला भरणार, ती सही करतानाच परत देऊन टाकताय. मग फर्निश्ड घर घेण्यात काही अर्थ उरत नाही. सहा महिन्यांनंतर एका महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल, असं लिहून मागा. मालक नाही म्हणाले तर निदान एवढं तरी मागा की कंपनीने बदली केली, तर बदलीचं पत्र दाखवून एका महिन्याच्या नोटिशीवर निघता येईल. बहुतेक मालकांना यात आक्षेपार्ह काही वाटत नाही. आपणच विचारत नाही.

दुसरं गृहीतक तुमचं स्वतःचं आहे. फर्निश्ड म्हणजे सोय, डोक्याला ताप नाही. ताप नसतो हे पहिल्या दिवसापुरतं खरं. किल्ली हातात आल्यावर तुम्ही नुसत्या भाडेकरू राहत नाही, एका अनोळखी कुटुंबाच्या पन्नासेक वस्तूंच्या राखणदार होता. त्या वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर जुन्या होणार आहेत. त्यांचं जुनं होणं कोणाच्या खात्यात पडणार, यावर तुमची दोन वर्षं सुखाची जातील की धाकाची हे ठरेल. तुम्हाला जी भीती वाटते ती अनाठायी नाही. फक्त ती मनात बाळगायची नसते, करारात लिहायची असते.

मी नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका घरात राहिले होते. जेवणाच्या टेबलावर कपाच्या बुडाएवढं एक पांढरट वर्तुळ होतं, पॉलिशच्या आत उतरलेलं. बोट फिरवलं तर हाताला लागायचं नाही, पण दुपारचा उजेड तिरपा आला की स्पष्ट दिसायचं. पहिल्याच दिवशी मी ते पाहिलं, त्यावर मॅट टाकला आणि विसरून गेले. सव्वा वर्षाने घर सोडताना मालकीणबाईंनी मॅट उचलला आणि विचारलं, ‘हे कधी झालं?’ माझ्याकडे उत्तर होतं, पुरावा नव्हता. अख्ख्या टेबलाच्या पॉलिशचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. त्या खोटं बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. त्यांना ते वर्तुळ खरोखरच आठवत नव्हतं. डिपॉझिटची निम्मी भांडणं अशीच असतात असं मी आजवर आलेल्या पत्रांवरून सांगेन. लबाडी कमी आणि दोन माणसांच्या आठवणींतला फरक जास्त.

म्हणून ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ या ओळीवर सही करू नका. ती ओळ म्हणते की टेबलावर वर्तुळ नव्हतं, सोफा उसवला नव्हता, फ्रिजचा कप्पा तडकला नव्हता. तिच्या जागी यादी हवी, आणि यादी म्हणजे ‘सोफा १, पलंग १’ नव्हे. ‘सोफा, तीन आसनी, राखाडी, डाव्या हाताची शिवण दोन इंच उसवलेली’ अशी. ‘फ्रिज, दोन दारी, भाजीच्या कप्प्याला तडा.’ ‘पडदे, हॉल, ४, त्यातल्या एकाची कड उन्हाने विरलेली.’ विजेच्या वस्तूंच्या मागे किंवा दाराच्या आत मॉडेलचा स्टिकर असतो, त्याचा नंबर उतरवा. कोणती वस्तू कुठल्या वर्षी घेतली तेही मालकांना विचारून लिहा. अंदाजे चालेल. याचा उपयोग पुढे सांगते. एकेक खोली घेऊन बसलात तर दोन तास लागतात. एजंट चुळबुळ करेल. करू द्या.

किल्ली घेतल्यावर, बॅगा आत आणायच्या आधी, दारापासून सुरुवात करून न थांबता एक व्हिडिओ काढा. तारीख मोठ्याने बोला. कपाटं, ड्रॉवर, ओव्हन उघडून दाखवा, नळ सोडून दाखवा, गादी उचलून खालची बाजू दाखवा. मग प्रत्येक खोट असलेल्या वस्तूचे दोन फोटो, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. विजेच्या, गॅसच्या आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग. किल्ल्या किती आणि कशाच्या. हे सगळं त्याच दिवशी मालकांना ई-मेल करा आणि ‘मिळालं’ एवढं उत्तर मागवून घ्या. फोटो नुसते फोनमध्ये राहिले तर ते तुमचं म्हणणं राहतं. त्याच दिवशी समोरच्याला पोचले की दोघांची आठवण एक होते. आणि करारात एक वाक्य घाला, ‘ताबा घेतल्यापासून सात दिवसांत आढळलेले दोष यादीत जोडले जातील.’ वॉशिंग मशीन तिसऱ्या धुण्यालाच गळतं, एसी पहिल्या उकाड्याच्या रात्रीच थेंब सोडतो. पहिल्या दिवशी यातलं काही कळत नाही.

आता झीज आणि नुकसान. करारात हे दोन शब्द वेगळे असले पाहिजेत. रोजच्या वापराने सोफ्याची बैठक दबते, पडद्याचा रंग उडतो, नॉनस्टिक तव्याचा लेप जातो. ही झीज आहे. ती भाड्यात आलेली आहे. इस्त्रीने गालिचा जळला, काच फुटली, हे नुकसान. ते तुम्ही भरायचं. पण किती भरायचं यावर लोक गप्प बसतात आणि तिथेच फसतात. सोफ्याचं आयुष्य दहा वर्षं धरलं आणि सहा वर्षं जुना असताना तो तुमच्या हातून फाटला, तर नुकसान मूळ किमतीच्या ४० टक्क्यांचं झालं. नव्या सोफ्याची पूर्ण किंमत तुमच्याकडून घेणं म्हणजे त्याची सहा वर्षांची झीज तुमच्या माथी मारणं. वस्तू कुठल्या वर्षी घेतली ते यादीत लिहायला सांगितलं, ते यासाठी. कराराची भाषा साधी ठेवा: ‘वापराने होणारी झीज भाडेकरूकडून भरून घेतली जाणार नाही. नुकसान झाल्यास वस्तूचं वय वजा करून रक्कम ठरेल. प्रत्येक कपातीची पावती दिली जाईल. उरलेलं डिपॉझिट घर सोडल्यापासून इतक्या दिवसांत परत मिळेल.’ दिवसांचा आकडा रिकामा ठेवू नका.

दुरुस्तीचंही असंच. बल्ब, गॅसची नळी, एसीचा फिल्टर धुणं, ही तुमची कामं. फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला, गीझर जळला, वॉशिंग मशीनची मोटर गेली, ही मालकांची. त्यांनी किती दिवसांत दुरुस्ती करायची आणि न केल्यास तुम्ही करून भाड्यातून वळती करायची का, हे आज ठरवा. भर उन्हाळ्यात फ्रिज बंद पडल्यावर ही बोलणी गोडीने होत नाहीत.

कुलूपबंद कपाटांबद्दल तुम्ही पत्रात एकदाच उल्लेख केलात आणि पुढे गेलात, पण मला वाटतं तुम्हाला ती खटकली आहेत. खटकायलाच हवीत. तुम्ही संपूर्ण घराचं भाडं भरणार आणि बेडरूमचं एक कपाट तुमचं नसणार. मालकांना सरळ विचारा, आत काय आहे आणि ते न्यायला किती दिवस लागतील? हॉलमधलं काचेचं कपाट त्यांच्यासाठी मोलाचं असेल. मग ते त्यांच्याजवळ असलेलंच बरं, कारण त्यातली एखादी वस्तू तडकली तर तिची किंमत पैशात सांगताच येणार नाही आणि तुमचे संबंध कायमचे बिघडतील. ते हलवणं शक्य नसेल तर लिहून घ्या की आतल्या वस्तूंची जबाबदारी भाडेकरूवर नाही. आणि त्यासाठी मालक घरी येणार असतील तर आदल्या दिवशी कळवून, तुम्ही असताना. त्यांच्याकडे राहणाऱ्या जादा किल्लीचा प्रश्नही याच बोलण्यात काढा. दाराच्या कुलपाचा फक्त गाभा बदलता येतो. त्यांची परवानगी घेऊन तो बदला, जुना जपून ठेवा आणि जाताना परत बसवून द्या.

सही करण्याआधी घर पुन्हा एकदा बघा, दिवसा, आणि आदल्या दिवशीच फ्रिज सुरू करून ठेवायला सांगा. फ्रिजच्या आत तापमान ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझरमध्ये उणे १८ हवं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर दाराचं रबर सैल झालंय आणि फ्रिज दिवसभर धापा टाकत राहणार. मालकांच्या जुन्या फ्रिजचं आणि जुन्या एसीचं बिल तुम्ही भरणार आहात, ते भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. मालकांकडे मागच्या काही महिन्यांची बिलं मागा. दोन नळ एकदम सोडून पाण्याचा जोर बघा.

गादीकडे मात्र नीट वेळ द्या. चादर काढा, गादीची कड बोटांनी उलटी करा आणि मोबाइलचा टॉर्च शिवणीवरून सावकाश फिरवा. शाई फुटावी तसे बारीक काळे टिपके, किंवा पिवळसर पोकळ सालं दिसली तर ते ढेकूण आहेत. पूर्ण वाढलेला ढेकूण पाचेक मिलिमीटरचा असतो आणि रक्त न पिता काही महिने तग धरतो. त्यामुळे ‘घर तीन महिने बंदच होतं’ हे त्यावरचं उत्तर नाही. पलंगाच्या फळ्यांचे सांधे, डोक्याकडच्या पाटीमागची फट आणि सोफ्याच्या बैठकीखालचं कापडही बघा. एकदा ते तुमच्या कपड्यांत शिरले की पुढच्या घरापर्यंत तुमच्यासोबत येतात. गादी जुनी, मध्ये खोलगट झालेली असेल तर नवी मागा. नाही मिळाली तर मालकांना ती न्यायला सांगून स्वतःची घ्या. घरातली दुसऱ्याची कुठलीही वस्तू मी वापरीन, पण रात्रीचे सात-आठ तास ज्यावर काढायचे ती गादी माझ्या मनासारखीच हवी, असं माझं ठाम मत आहे.

आणि एका बाबतीत तडजोड नको. पाणी तापवायला गॅसचा गीझर असेल, तो बाथरूमच्या आतच बसवलेला असेल आणि जळलेला वायू बाहेर नेणारा पाइप नसेल, तर तो बदलल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकू नका. गॅस पुरता जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, आणि बंद बाथरूममध्ये कडी काढण्याएवढंही भान राहत नाही. एकटी राहणारी व्यक्ती असेल तर बाहेरून हाक मारणारंही कोणी नसतं.

एजंटच्या घाईबद्दल फार लिहीत नाही. घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, मालकीचा कागद आणि मालकांचं ओळखपत्र यांवरचं नाव जुळल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. टोकन दिलंत तर पावतीवर लिहून घ्या, करार झाला नाही तर ते परत मिळेल की नाही आणि किती दिवसांत. करार तिथल्या नियमांप्रमाणे नोंदवून घ्या. घर एका दिवसात जाणार असेल तर जाऊ द्या.

पर्याय फक्त दोनच आहेत असंही समजू नका. त्याच इमारतीत रिकामा फ्लॅट आहे, म्हणजे ऑफिसचं अंतर दोन्हीकडून सारखंच. मोठ्या शहरांत सामान महिन्याच्या भाड्यावर मिळतं. रिकामं घर घेऊन फक्त पलंग, फ्रिज आणि वॉशिंग मशीन भाड्याने आणलं, बाकी काहीच नाही, तर खर्च दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो आणि बिघाड झाला तर वस्तू बदलून देणं सामान भाड्याने देणाऱ्यांचं काम असतं. तिथेही किमान मुदत किती आणि वस्तू लवकर परत केल्यास दंड किती, हे वाचा. किंवा मालकांशी अर्ध्या वाटेवर भेटा. पलंग, एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन राहू दे. सोफा, शोकेस, गालिचे, काचेची भांडी ते घेऊन जातील आणि भाडं थोडं खाली येईल. ज्यांच्या घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर आहे त्यांना मी हाच मार्ग सुचवते. फिक्या रंगाचा सोफा आणि रांगतं मूल एकाच घरात असलं की आई-बापांचा अर्धा दिवस मुलाला ओरडण्यात जातो, आणि त्याचे पैसेही तेच भरत असतात.

घरात राहायला गेल्यावर धाक कमी करायचा एक सोपा उपाय आहे. मालकांची जी भांडी, शोभेच्या वस्तू, चादरी तुम्ही वापरणार नाही, त्या पहिल्याच आठवड्यात खोक्यात भरा, फोटो काढा, वर यादी चिकटवा आणि माळ्यावर ठेवा. चार ताटं, चार वाट्या, एक पातेलं आणि एक तवा स्वतःचा घ्या. चादर, उशी, गादीचं कव्हर स्वतःचं. रोज हात लागणाऱ्या वस्तू आपल्या असल्या की घर आपलं वाटायला लागतं आणि दुसऱ्याचं मोडायची भीतीही उरत नाही.

मैत्रिणींच्या घरांबद्दल तुम्ही जे लिहिलंत, ते वाचून वाईट वाटलं. भरलेलं घर म्हणजे मार्गी लागलेलं आयुष्य आणि दोन बॅगा म्हणजे अजून काहीच जमलं नाही, असं तुम्ही स्वतःला सांगताय. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं लोक हिणवून म्हणतात खरे. पण तुमच्या मैत्रिणींनी सामान घेतलं ते कुठे राहायचं हे ठरल्यावर. तुमचं अजून ठरलेलं नाही. न ठरलेल्या ठिकाणी सोफा घेतल्याने ते ठरत नाही; उलट पुढच्या वर्षी चांगलं बोलावणं आलं तर ‘आता एवढ्या सामानाचं काय करू’ म्हणून पाय अडकतो. अशीही पत्रं माझ्याकडे येतात.

तुम्ही माझं मत मागितलंय, तर सांगते. घर घ्या, पण तीन गोष्टी लिहून मिळाल्या तरच: सहा महिन्यांनंतर एका महिन्याच्या नोटिशीवर निघायची मुभा, वस्तूंची खोटांसकट यादी, आणि झीज-नुकसानीचं कलम. यातल्या यादीला मालकांनी नकार दिला तर मी तिथेच थांबेन. जो माणूस आज टेबलावरचं वर्तुळ कागदावर येऊ देत नाही, त्याच्याशी दोन वर्षांनी त्याच वर्तुळावरून बोलावं लागणार असतं. तसं झालं तर रिकामा फ्लॅट आणि भाड्याचं मोजकं सामान. भावाला हिशेबाचा कागद दाखवा. त्यांना आकडे समोर हवे असतील, आणि त्यांच्या नजरेतून तुमचा सुटलेला एखादा खर्चही सापडेल.

आणि एक राहिलं. तुमच्याकडे काय आहे हे सांगताना तुम्ही दोन बॅगांनंतर टेबल लिहिलंत, तेही त्याच्या मापासकट. त्याचं काय करायचं हे मात्र विचारलं नाहीत. ते बरोबर न्या. दुसऱ्यांदा घर बघायला जाल तेव्हा मोजपट्टी घेऊन जा आणि बेडरूममधली खिडकीलगतची भिंत मोजा. तिथे साडेतीन फूट जागा मिळत नसेल, तर मालकांना ते कुलूपबंद कपाट हलवायला सांगायचं आणखी एक कारण तुमच्या हातात आहे.